तू बारीक झालीस तेव्हाच्या टाळ्या

टूनगॅबी, सिडनी,
१९९७चा हिवाळा

प्रिय फिलू,

काल मंडळाच्या मीटिंगमध्ये मी भांडले. चांगली उभी राहून, माइकबिइक न घेता भांडले. आणि तुझ्यावरून भांडले. आपल्या मंडळातलं कोण कुठे जाऊन काय सांगेल याचा नेम नाही, म्हणून म्हटलं, दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जाण्याआधी आपणच सांगून टाकावं.

तू गेल्याला वर्ष होत आलं. एवढ्या दिवसांत तुला पत्र लिहावंसं वाटलं नाही असं नाही, पण लिहायला बसलं की रडू यायचं आणि राहून जायचं. आज रडू येत नाहीये. आज मी नुसती तापलेली आहे.

तुझ्या नावानं काय सुरू करायचं ठरत होतं, सांगू? वजन कमी करायची स्पर्धा! हसू नकोस. ‘फिलोमिना स्मृती आरोग्य स्पर्धा’. हॉलमध्ये वजनकाटा ठेवायचा, नाव दिलेल्या बायकांनी दर रविवारी सगळ्यांदेखत त्याच्यावर उभं राहायचं, आणि दिवाळीच्या कार्यक्रमात जिचं वजन सगळ्यात जास्त उतरलं असेल तिला चषक. तुझ्या नावाचा चषक, फिलू!

आपली ओळख कशी झाली होती, आठवतं? याच हॉलमध्ये, गणपतीच्या जेवणाला. हातवाल्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. मी ताट घेऊन भिंतीपाशी उभी. त्या खुर्चीत बसले तर उठताना ती माझ्याबरोबर उठणार, हे मला माहीत होतं. तू आलीस, खुर्चीकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस, आणि म्हणालीस, “ह्या काय प्रायमरी शाळेतून आणल्यात काय गं? चल, बाहेर पायरीवर बसू.”

आपण पायरीवर बसून जेवलो. तू वसईची, कॅथलिक, इथल्या हायस्कूलमध्ये गणित शिकवणारी. मी पुण्याची, युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये नोकरी करणारी. दोघींचा साइज बावीस. तू तीन मोदक खाल्लेस आणि चौथा मला न विचारता माझ्या ताटात टाकलास. कुणीतरी आपल्याकडे बघत होतं. मी पटकन पदर सारखा केला. तू म्हणालीस, “बघू दे की. जागा घेतो आपण, चोरी नाही करत.”

इतकी वर्षं मी जागा कमीत कमी कशी घ्यावी यातच घालवली होती. ट्रेनमध्ये अंग चोरून बसायचं, फोटोत मागच्या रांगेत उभं राहायचं, दुकानात स्वतःसाठी काही न बघता मुलांचे कपडे बघतेय असं दाखवायचं. आणि तू? तू चर्चच्या कॉयरमध्ये गाताना पहिल्या रांगेत, लालभडक ड्रेस घालून!

मला पोहायला तूच नेलंस. कौन्सिलच्या पूलवर. स्विमसूट घ्यायला गेलो तेव्हा दुकानातली मुलगी म्हणाली, तुमच्या साइजचं काही मिळालं तर मॅटर्निटीत बघा. तू तिला गोड आवाजात सांगितलंस, “डार्लिंग, आम्ही दोघी प्रेग्नंट नाही, आम्ही अशाच आहोत.” शेवटी तू कापड आणून दोघींचे सूट घरीच शिवलेस. माझ्या सुटाची एक बाजू जरा वर चढायची, पण सोड.

वाडीतल्या बावखलात, त्या मातीच्या तळ्यात, तू लहानपणी पोहायला शिकली होतीस. पाण्यात तू किती हलकी व्हायचीस! पहिल्याच दिवशी काही पोरांनी, तुझ्या शाळेतल्या मुलांच्या वयाची असतील, “व्हेल! व्हेल!” म्हणून ओरडायला सुरुवात केली. मी पाण्याबाहेर पडायच्या बेतात होते. तू काठाला धरून उभी राहिलीस आणि वर्गात बोलतात त्या आवाजात म्हणालीस, “व्हेल्स आर प्रोटेक्टेड इन धिस कंट्री, मेट. यू आर नॉट.”

अख्खा पूल हसला. ती पोरंसुद्धा हसली. त्यानंतर दर शनिवारी आपण पोहलो, वर्षानुवर्षं.

मग तुझं पोट दुखायला लागलं.

दुखतं म्हणजे काय, तुलाही नीट सांगता यायचं नाही. फुगल्यासारखं वाटतं, चार घासांत भरतं, कंबर भरून येते. स्टेशनजवळच्या मेडिकल सेंटरमध्ये तुझा नेहमीचा डॉक्टर, तो जीपी, होता, त्याच्याकडे गेलीस. त्यानं बीपी बघितलं, वजन केलं आणि डाएटचा कागद हातात दिला. परत गेलीस. तो म्हणाला, वजन उतरलं की कंबर दुखायची थांबेल. तिसऱ्यांदा गेलीस तेव्हा काट्यावर वजन खरंच कमी भरलं, तर त्यानं “वेल डन!” म्हणून तुझं अभिनंदन केलं. त्यानं पोट तपासलं का, असं मी विचारलं, तेव्हा तू काय म्हणालीस? “अगं, ह्या एवढ्या पोटात त्याला काय कळणार?”

फिलू, व्हेलवरून पोरांना गप्प करणारी तू, डॉक्टरसमोरच्या त्या एका खुर्चीत बसलीस की इतकी गरीब कशी काय व्हायचीस गं? याचा मला अजून राग आहे. तुझा थोडा, बाकी सगळा त्याचा.

आणि मग ती दिवाळी. तू निळी साडी नेसून आलीस आणि हॉलभर कुजबुज झाली. किती बारीक झालीस! गाल बसले होते, गळ्याची हाडं दिसत होती, ब्लाउज सेफ्टी पिना लावून आत घेतलेला. बायका तुझ्याभोवती गोळा झाल्या. काय करतेस, कुठलं डाएट, भात सोडलास का? मालतीताई आपल्या सेक्रेटरी, त्यांना कौतुक करताना हात आखडता घ्यायची सवय नाही. त्यांनी तुला स्टेजवर बोलावलं आणि माइकवर म्हणाल्या, “मनात आणलं तर काय होतं, ते फिलोमिनाकडून शिका!”

हॉलभर टाळ्या. आणि तू हसून “थँक यू” म्हणालीस.

घरी जाताना गाडीत तू म्हणालीस, “नीलू, मी काहीच केलेलं नाही. तो डाएटचा कागद मी केव्हाच फेकून दिला. जेवणच जात नाही गं.”

“मग स्टेजवर थँक यू कशाला म्हणालीस?”

“छान वाटलं,” तू म्हणालीस. “खोटं नाही बोलत. एवढ्या वर्षांत अंगाबद्दल कुणी चांगलं बोललं नव्हतं.”

मी म्हटलं, उद्याच्या उद्या दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ. तू म्हणालीस, परीक्षा होऊ देत. मग म्हणालीस, ख्रिसमसची कॉयर होऊ दे. मग म्हणालीस, सुट्टीत सगळे फिरायला चाललोय. जो भेटेल तो तुझ्या बारीक होण्याचं कौतुक करत होता. आजारी बाईला “कसली छान दिसतेस” असं रोज सांगितलं, तर ती आपण आजारी आहोत यावर विश्वास तरी कसा ठेवणार? त्या कौतुकानं तुझा डिसेंबर-जानेवारीचा अख्खा उन्हाळा खाल्ला.

फेब्रुवारीत पूलच्या चेंजिंग रूममध्ये तू सूट घालत होतीस. खांद्यावरून तो गळून पडत होता, मांड्यांशी ढगळ, आणि पोटावर मात्र ताणून बसलेला. मी बघतच राहिले. तू माझ्याकडे पाहिलंस आणि बाकावर बसलीस. त्या दिवशी आपण पोहलो नाही. ओल्या फरशीवरून मी तुला तसंच गाडीत घातलं आणि पॅरामाटाच्या एका क्लिनिकमध्ये नेलं. तिथे एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं वजनाबद्दल एक शब्द काढला नाही. तुला आडवं केलं, हात ऊन करून पोटावर ठेवला, आणि हळूहळू तिचं बोलणं बंद झालं.

ओव्हरीचा कॅन्सर. पसरलेला.

पुढचं तुला काय सांगायचं! पण एक सांगते, कारण ते मी काल सगळ्यांना सांगितलं. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली, आणि हॉस्पिटलच्या डाएटिशियननं तुला बजावलं की वजन वाढलं पाहिजे. तू हसत सुटलीस. “ऐकलंस का नीलू? जन्मात पहिल्यांदा कुणीतरी म्हणतंय, खा, जाड हो! आणि आता घास उतरत नाही.” तुझा अंतोन बिचारा सकाळ-संध्याकाळ अंडी दुधात फेटून आणायचा. तू नाक दाबून प्यायचीस. मालतीताईंनी खिचडी आणली, मी सार आणलं, कुणाच्या तरी हातून वसईचे सुके बोंबीलसुद्धा कस्टम्समधून सुटून आले. सगळे तुला खायला घालत होते आणि तू दिवसेंदिवस उतरत होतीस.

एकदा तू बाही वर करून दंड दाखवलास. नुसती कातडी लोंबत होती. म्हणालीस, “माझी शेरॉन लहान असताना ह्याच दंडावर झोपायची. उशीसारखा होता. नीलू, मला माझं अंग परत पाहिजे.”

मी तुझी बाही खाली केली.

तुझ्या अंत्यविधीच्या मिसनंतर चर्चच्या बाहेर आपलीच मंडळी उभी होती. आणि काय बोलत होती? “वजनाकडे वेळेवर लक्ष द्यायला हवं होतं.” ती जाड होती म्हणून गेली, असं ठरूनही गेलं! मी तेव्हा काही बोलले नाही. अंतोनचा हात धरून उभी होते, आणि शेरॉन पलीकडे उभी होती.

आता कालचं.

मालतीताईंनी स्पर्धेची कल्पना मांडली. मनापासून मांडली, हे मला दिसत होतं. लोक माना डोलावत होते. शेरॉन कोपऱ्यात बसली होती, तिला मुद्दाम बोलावलं होतं. सतरा वर्षांची झाली आता. तुझेच खांदे, तुझीच उंची, तुझाच बांधा. मालतीताई तिच्याकडे वळून प्रेमानं म्हणाल्या, “आणि पहिलं नाव आपल्या शेरॉनचं लिहू या. तिच्या आईला किती बरं वाटेल!”

शेरॉन लाल झाली. “ओके, आंटी,” असं म्हणून ती उठायला लागली.

आणि मी उभी राहिले. नवराच तो, दिलीपनं शेजारून माझी ओढणी ओढली. “नीलिमा, इथे तमाशा नको,” असं हळूच म्हणालादेखील. मी ओढणी त्याच्याच हातात सोडली.

“मालतीताई, थांबा,” मी म्हटलं. “फिलू डाएट करून बारीक झाली नव्हती. ती आजारानं बारीक झाली होती. त्या दिवाळीला आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा तिच्या पोटात कॅन्सर होता.”

मागून एक गृहस्थ म्हणाले, “ते खरं असेल हो, पण वजन आटोक्यात ठेवणं केव्हाही चांगलंच ना?”

“मला बीपी आहे,” मी म्हटलं. “गोळी घेते, पोहते, रक्त तपासून घेते. तब्येतीची काळजी घ्यायला मला कुणी शिकवायला नको. पण जाड बाईच्या पोटात दुखलं तर तिलाही पोट असतं, हे डॉक्टरला कोण शिकवणार? ती परत परत सांगत होती आणि तो तिला काट्यावर उभं करत होता. बारीक बाई त्याच तक्रारी घेऊन गेली असती, तर तिला तपासल्याशिवाय पाठवलं असतं का? आणि आपण? आपण तिला स्टेजवर उभं केलं. एकानंही विचारलं नाही की, फिलू, बरी आहेस ना?”

माझा आवाज चांगला लागला होता. तुझी शिकवणी!

“जिच्या नावानं चषक द्यायचाय ना,” मी म्हटलं, “तिनं शेवटचे महिने वजन वाढावं म्हणून नाक दाबून कच्ची अंडी प्यायली. तिला तिचं अंग परत हवं होतं. तिच्या नावानं वजनकाटा ठेवायचा असेल, तर मी त्याच्यासमोर बसून राहीन आणि येईल त्या बाईला ही गोष्ट सांगीन.”

मालतीताई खाली बसल्या. कुणीतरी चहा आल्याचं सांगितलं आणि सगळे सुटल्यासारखे उठले. मला वाटलं, आता माझ्याशी कुणी बोलणार नाही. पण चहाच्या टेबलापाशी ओळखीची-अनोळखी एकेक बाई जवळ येऊन हळूच सांगून गेली. एकीचे गुडघे. एकीला धाप लागते. एकीला डॉक्टर म्हणाला होता, आधी वीस किलो उतरवा, मग या. सगळ्या आवाज खाली करून बोलत होत्या, जसं काही त्यांनीच गुन्हा केलाय. मी प्रत्येकीला म्हटलं, मोठ्यानं बोल!

शेरॉनला घरी सोडायला मी गेले. तुमच्या ड्राइव्हवेमध्ये गाडी थांबवली तरी ती उतरेना. समोर बघत म्हणाली, “नीलू आंटी, वॉज शी सिक देन? त्या दिवाळीला? ऑलरेडी?”

“हो गं,” मी म्हटलं.

“मला कुणी सांगितलंच नाही.” मग म्हणाली, “तो निळ्या साडीतला फोटो आहे ना, मी फ्रिजवर लावलाय. इट्स माय गोल. मला तसं दिसायचं होतं. मला वाटायचं, तेव्हा ममी सगळ्यात हॅपी होती.”

फिलू! पोर वर्षभर फ्रिज उघडताना तुझ्या आजाराकडे बघून भूक मारत होती! दुपारी नुसतं सफरचंद खाते म्हणाली. अंतोनला वाटतं, ती शाळेत जेवते.

मी तिला सगळं सांगितलं. तू गाडीत काय म्हणालीस ते, चेंजिंग रूमचं, दंडाचं. तुला आवडलं असतं की नाही माहीत नाही, पण तिला तू खरी कळायला हवी होतीस. ती रडली नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मलाही दुखतं, आंटी. पिरियड्समध्ये. खूप. शाळेत एकदा फेंट झाले. जीपी म्हणाला, लूज सम वेट.”

“कुठला जीपी?”

“ममीचाच.”

मी इंजिन बंद केलं आणि तिच्याबरोबर घरात गेले. अंतोन टीव्हीसमोर पेंगत होता. त्याला उठवलं, बसवलं, सगळं सांगितलं. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग उठला, फ्रिजवरचा फोटो काढून खिशात ठेवला आणि शेरॉनला विचारलं, “काय करू जेवायला?” ती म्हणाली, “एनिथिंग, डॅड.” त्यानं भात लावला. शेरॉननं दोनदा वाढून घेतला. मीही बसले. का नाही बसायचं?

आज सकाळी मालतीताईंचा फोन आला. स्पर्धा रद्द केली म्हणाल्या. आवाज ताठ होता. “पण नीलिमा, तू हे मला बाजूला घेऊन सांगायचं. सगळ्यांसमोर बोलायला नको होतंस.”

“ताई, टाळ्या सगळ्यांसमोरच वाजल्या होत्या,” मी म्हटलं.

मग म्हणाल्या, “माझी फार लाडकी होती गं ती.” मी म्हटलं, मला माहितीये. तुला खिचडी घेऊन येताना मी त्यांना पाहिलंय. तरी मी माफी मागितली नाही, आणि मागणारही नाही. राग आला तर येऊ दे तुला.

पॅरामाटाच्या त्या डॉक्टरीणबाईंची वेळ मिळाली आहे, गुरुवारी दुपारी. शेरॉननं स्वतः फोन करून घेतली. मी लॅबमधून लवकर निघणार आहे. अंतोनलाही यायचंय, पण शेरॉन म्हणते, “नो डॅड, जस्ट नीलू आंटी.”

तुझ्या लेकीला मी एकटीला आत सोडणार नाही, फिलू, हा शब्द देते. मी तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसेन. कधी कुठल्या खोलीतून ती “वजन कमी कर” एवढंच ऐकून बाहेर आली, तर तिचा हात धरून मी तिला परत आत नेईन. दार बंद असलं, तरी.

तुझीच,
नीलू